शिक्षण अर्ध्यावर सुटलेला विद्यार्थी

१९१७ च्या उन्हाळ्यात लंडनहून एक भारतीय विद्यार्थी अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी निघाला. वय वर्षे २६. 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये नाव घालून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. 'ग्रेज इन'मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठीही नाव नोंदलेले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोदा संस्थानाने परत बोलावले आणि दोन्ही अभ्यासक्रम जिथल्या तिथे थांबले. विद्यापीठाच्या दप्तरी अशा विद्यार्थ्यांची नोंद एका ओळीत संपते, आणि त्या ओळीकडे पुढे कोणी वळून पाहत नाही.

हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची मालिका महाराष्ट्रातील शाळकरी मुलेही घडाघडा म्हणून दाखवतात. त्या पदव्यांच्या दरम्यान त्यांचे शिक्षण किती वेळा तुटले, कशाने तुटले आणि कशाने पुन्हा जोडले गेले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. आम्हा पत्रकारांचेही तसेच आहे. जून-जुलै उजाडला की महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या पहिल्या पानावर येतात. प्रथम वर्षाला बसलेल्यांपैकी तृतीय वर्षाच्या बाकांवर कोण उरले, हे विचारायला आम्ही क्वचितच जातो.

एका घरातले दोन भाऊ

शिक्षण सुटण्याची पहिली घटना त्यांच्या घरातच घडली होती, आणि ती त्यांची नव्हती. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत आले, परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंबाने संसार मांडला. निवृत्तिवेतन तुटपुंजे. दोन मुलांना एकाच वेळी हायस्कुलात ठेवणे झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांची शाळा बंद झाली आणि ते नोकरीला लागले. धाकट्या भीमरावांची शाळा चालू राहिली. आनंदरावांची बुद्धी कमी पडली, असे कोणी म्हटलेले नाही. एका पगाराची गरज होती आणि ती एका मुलाच्या शाळेने भागवली. आजही महाराष्ट्रातील कित्येक घरांत एका मुलाची फी दुसऱ्याच्या मजुरीतून जाते, आणि गळतीच्या आकड्यांत त्या दुसऱ्याचे कारण 'शिक्षणात रस नाही' असे नोंदले जाते.

ती खोली अभ्यासाला सोयीची नव्हती. भांडीकुंडी, सरपण, माणसे, सारे तिथेच. रामजींनी त्यावर उपाय काढला. मुलाने लवकर झोपावे आणि पहाटे दोनच्या सुमारास, चाळ निजलेली असताना उठून अभ्यासाला बसावे. तोवर वडील स्वतः जागत आणि मुलाला उठवून मग पाठ टेकत. पुस्तकांसाठी पैसे नसले, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करत. सुभेदारांच्या शिस्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दागिना गहाण टाकण्याची आणि सोडवण्याची ही ये-जा मात्र आम्हाला अधिक मोलाची वाटते. एका मुलाच्या मागे वडील, बहिणी आणि भाऊ असे सारे घर उभे होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या गुणवत्ता यादीत हा आकडा कुठेच दिसला नसता. त्यांच्या समाजातून मॅट्रिक होणे हीच त्या काळी मोठी गोष्ट असल्याने सत्कार झाला. त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले, एवढेच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत पोहोचल्यावर रामजींची ओढाताण संपली, आता पुढचा खर्च करणे शक्य नव्हते. तेव्हा केळुसकरांनी महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि मुलाला त्यांच्या भेटीला नेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ साली बी. ए. ची परीक्षा पार पडली. शिक्षण येथे पहिल्यांदा तुटू शकले असते आणि तुटले नाही, कारण विद्यार्थी कोणत्या वर्षी अडखळणार हे ओळखणारा एक मनुष्य वेळेवर तेथे होता.

कराराची तीन वर्षे

बी. ए. नंतर भीमराव बडोद्यास नोकरीला गेले, परंतु वडील अत्यवस्थ असल्याने तातडीने परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचा अभ्यास सर्वश्रुत आहे. १९१५ साली एम. ए., प्राध्यापक सेलिग्मन यांचे मार्गदर्शन, १९१६ साली जातिसंस्थेवरील निबंध आणि पीएच. डी. साठीचा प्रबंध. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या सोबत राहत होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

शिष्यवृत्तीची तीन वर्षे जून १९१६ मध्ये संपली. लंडनसाठी एका वर्षाची वाढ मिळाली. त्या वर्षात अर्थशास्त्रातील पदवी आणि बॅरिस्टरी दोन्ही पूर्ण होणे अशक्यच होते. शिष्यवृत्ती देणाऱ्याचे दिनदर्शक आणि अभ्यासक्रमाचे दिनदर्शक यांचा मेळ बसला नाही. सयाजीरावांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, त्यांच्याशिवाय ही कथा सुरूच झाली नसती. तथापि मदत कितीही मोठ्या मनाची असली तरी ती शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबली, तर विद्यार्थी जिन्यातच उभा राहतो, हेही या प्रसंगातून दिसते.

निघण्यापूर्वी मात्र एक गोष्ट झाली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने या विद्यार्थ्याला ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली. कागदावर ही किरकोळ प्रशासकीय सवलत. प्रत्यक्षात पुढच्या तीन वर्षांत या तरुणाच्या हातात असलेला शिक्षणाचा एकमेव धागा तोच होता. मुदतीच्या काटेकोरपणाने आज किती विद्यार्थी बाहेर पडतात, याची कल्पना यावी म्हणून अलीकडचे एक उदाहरण नमूद करणे भाग आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली, १७ हजार ५०० रुपयांचे शुल्क मुदत संपेपर्यंत भरता आले नाही आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. हे कलम ज्या घटनेत आहे, तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतः एकदा अशाच मुदतीच्या टोकावर उभा होता.

परतीचा प्रवास महायुद्धाच्या काळातला. स्वतः ते दुसऱ्या बोटीने सुखरूप पोहोचले, पण परदेशात पोटाला चिमटा घेऊन जमवलेला ग्रंथसंग्रह ज्या बोटीवर होता ती पाणतीराने बुडाली.

बडोद्याचे अकरा दिवस

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. कोलंबियाचा एम. ए., हाती पूर्ण झालेला प्रबंध, संस्थानचा अधिकारी. आणि राहायला खोली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, दररोज दीड रुपया देऊन ते राहिले. वर भलामोठा ओस दिवाणखाना, अडगळ, कंदिलाचा मिणमिणता उजेड. दिवसा कचेरीत शिपाई लांबूनच कागद टाकत. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेली. दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. कामाठी बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हा प्रसंग नोकरीचा आहे, शिक्षणाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु शहरात शिकायला आलेल्या मुलाने अभ्यास सोडून गावी परतण्याची जी कारणे असतात, त्यात खोली न मिळणे हे फार वरचे कारण आहे, आणि ते प्रवेश अर्जावर कुठे लिहिता येत नाही. वसतिगृहाची प्रतीक्षा यादी, आडनाव ऐकून नकार देणारा घरमालक, चुलत्याच्या खोलीत दाटीवाटीने काढलेले पहिले सत्र, हे सारे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या कोणत्याही बातमीदाराला ठाऊक असते. आंबेडकरांना ते आयुष्यभर विसरता आले नाही. १९२४ साली त्यांनी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होते १९२५ साली सोलापुरात सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. आधी शाळा नव्हे, आधी राहण्याची जागा. हा क्रम सहज ठरलेला नसावा, असे आम्हाला वाटते.

परतीची तयारी

मुंबईत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी हा पगार लहान नव्हता. कुटुंब चांगल्या वस्तीत नेता आले असते, पण ते परळच्या चाळीतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चापुरती रक्कम जाई आणि उरलेली लंडनसाठी बाजूला पडे. चार वर्षांच्या सवलतीतील दिवस मोजले जात होते. या काटकसरीत रमाबाईंचा वाटा चरित्रांमध्ये सोशिकपणा म्हणून येतो. खरे पाहता तो या शिक्षणातील एक हिशेबी भांडवल होता, आणि त्याची नोंद त्याच भाषेत व्हायला हवी.

मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, जुलैमध्ये बोट धरली. गाठीला स्वतःची सुमारे सात हजारांची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते, आणि पाच हजार रुपये उसने देणारा होता तोच वसतिगृहातला मित्र, नवल भथेना. विद्यापीठाने दिलेली मुदत ऑक्टोबर १९२१ मध्ये संपणार होती.

लंडनमधले दिवस अर्धपोटी गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या वेळी दारात हजर, संध्याकाळी ते बंद होईपर्यंत आत. दुपारच्या जेवणाचे पैसे वाचवणे हा रोजच्या वेळापत्रकाचाच भाग होता. प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या ज्या घरात ते काही काळ राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, पुढच्या वर्षी बॅरिस्टरीही पूर्ण झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठी सादर झाला.

आणि येथे शिक्षण पुन्हा एकदा काठावर आले. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध नव्याने लिहायला सांगितला. पैसे संपलेले. पुनर्लेखनासाठी लंडनला राहणे अशक्य होते, म्हणून एप्रिलमध्ये ते पदवीविनाच मुंबईला परतले. वकिलीची सुरुवात, घरची जबाबदारी, डोक्यावर कर्ज; अशा स्थितीत बहुतेकांचे संशोधन पेटीत जाते ते कायमचेच. त्यांनी मुंबईत बसून प्रबंध पुन्हा लिहिला, निष्कर्ष न बदलता ऑगस्टमध्ये धाडला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. विद्यार्थ्याने समोर हजर राहण्याची सक्ती विद्यापीठाने केली असती, तर ही डी. एस्सी. झाली नसती.

कोलंबियाच्या पीएच. डी. ची हकिगत याहून बोलकी आहे. प्रबंध १९१६-१७ च्या सुमारासच लिहून झाला होता. परंतु पदवी हाती पडण्यासाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात द्याव्या लागत. छपाईला पैसे नव्हते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी मिळाली १९२७ साली. म्हणजे दहा वर्षे एका विद्वानाची पदवी छापखान्याच्या बिलापाशी अडून राहिली. विद्वत्तेत काही उणे नव्हते, एक नियम आड होता. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पैसे नसलेला विद्यार्थी नव्हता, इतकेच.

आपल्याकडे या काळाचे वर्णन 'जिद्द' या एका शब्दात आटोपण्याची पद्धत आहे. बाबासाहेबांनी अठरा तास अभ्यास केला, तुम्हीही करा, असे भाषण प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येते. जिद्द होती, ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु या भाषणाचा गर्भितार्थ असा होतो, की ज्याचे शिक्षण सुटले त्याची जिद्द कमी पडली. स्वतः आंबेडकरांनी आपल्या अनुभवावरून हा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी पुढे जे केले ते पाहिले, की हे स्पष्ट होते.

विधिमंडळापासून महाविद्यालयापर्यंत

१९२७ साली ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी गळतीचा प्रश्न आकड्यांसह मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेकडे वळतात, याकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले. पुरेशा काळ मूल शाळेत टिकले नाही तर त्याच्यावरील खर्च वाया जातो, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच भाषणात त्यांनी महाविद्यालयांच्या खर्चाचा किती मोठा हिस्सा शुल्कातून वसूल होतो याचा हिशेबही मांडला आणि गरिबांना परवडेल असे शिक्षण स्वस्त करण्याची मागणी केली. प्रवेशांच्या संख्येवर समाधान मानू नये, किती जण टिकले ते मोजावे, हा आग्रह आज शिक्षणखात्याच्या प्रत्येक अहवालात दिसतो. तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या सभागृहात मांडला गेला होता.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तेथे त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राकडून वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. काही विद्यार्थी परदेशीही पाठवले गेले. आपल्याला एका महाराजांच्या मर्जीने जे मिळाले, ते इतरांना सरकारी तरतुदीने मिळावे, हा त्यातील फरक लक्षणीय आहे. आज महाराष्ट्रात वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन आणि निवासासाठी रक्कम देणारी जी स्वाधार योजना आहे, तिला त्यांचेच नाव दिलेले आहे. शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षा उलटून गेल्यावर खात्यात जमा होतात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार मात्र अनेक जिल्ह्यांत अनेकदा ऐकू येते. साडेअकरा पौंड महिन्याच्या महिन्याला पोहोचले नसते, तर न्यूयॉर्कचे काय झाले असते, याचा विचार संबंधितांनी करायला हरकत नाही.

८ जुलै १९४५ रोजी 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी' स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाविषयी लिहिताना ग्रंथालयाचा, नामवंत प्राध्यापकांचा उल्लेख होतो. तुलनेने दुर्लक्षित राहते ते त्याचे घड्याळ. वर्ग सकाळी भरवले जात. कचेरीत कारकुनी करणारा, पेढीवर नोकरी करणारा, घर चालवण्यासाठी दिवसा कामावर जावेच लागणारा तरुण सकाळी तास करून कामावर हजर होऊ शकत होता. नोकरी की शिक्षण, हा परळच्या खोलीत आनंदरावांपुढे आलेला प्रश्न या वेळापत्रकाने निदान काही जणांपुरता निकालात काढला. १९४७ मध्ये रात्रीची शाळा निघाली, १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. विद्यापीठ एकच, तेही हैदराबादला. गावाकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर शेकडो मैल दूर, परक्या शहरात आणि बराच काळ परक्या भाषेत शिकावे लागे. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. गावागावांतून येणारा मुलगा राहणार कोठे, हा प्रश्न येथे इमारती उभारतानाच विचारात घेतला गेला होता. नागसेनवनाच्या त्या परिसरात वर्गखोल्यांच्या जोडीने वसतिगृहेही उभी राहिली.

बडोद्यात ज्याला एका रात्रीपुरती जागा मिळाली नव्हती, त्याने बांधायला घेतलेल्या त्या वसतिगृहांत पहिल्या वर्षी आलेली मुले बहुतांशी अशा घरांतली होती, जिथे त्यांच्या आधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते.